नागपुरात बार मित्झ्वा आणि परदेशातले पाहुणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोरल्याचा बार मित्झ्वा आम्ही नागपुरातच केला, त्याला आता वर्ष होऊन गेलं. तरी फोन थांबत नाहीत. ज्या गावांत आपली बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, घरं दोन-चारच उरली आहेत, तिथल्या आया विचारतात, "तुम्ही जमवलं कसं?" इस्राएलमधल्या अश्दोद, दिमोना, लोदचे नातेवाईक विचारतात, "नागपूरला यायचं कसं?" आणि आमच्या गल्लीतले विचारतात, "त्या दिवशी डोक्यावर रुमाल का दिला होता?" तीच उत्तरं तीनदा देऊन घसा बसला, म्हणून सगळं इथे एकत्र लिहिते आहे.

बार मित्झ्वा म्हणजे तुमच्यातली मुंजच ना?

शेजारच्या काकूंनी पत्रिका हातात घेऊन पहिला प्रश्न हाच केला. गॅसवर दूध होतं, म्हणून मी तेव्हा "हो, तसंच काहीतरी" म्हणून सुटले. खरं उत्तर थोडं वेगळं आहे. मुंज लावावी लागते, बार मित्झ्वा आपोआप होतो. हिब्रू पंचांगाप्रमाणे मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाली की धर्माचे नियम पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते. समारंभ करा, नका करू. आपण जो सोहळा करतो तो त्या मुलाला पहिल्यांदा सेफेर तोरापाशी, म्हणजे हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीपाशी, बोलावून आशीर्वचन म्हणायला लावण्याचा. त्याच सुमारास तो सकाळच्या प्रार्थनेला टेफिलिन, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांच्या दोन छोट्या डब्या, बांधायला लागतो. एक दंडावर, एक कपाळावर, आत चर्मपत्रावर लिहिलेली वचनं.

आणि नाही, याचा सुंतेशी संबंध नाही. ती आठव्या दिवशीच होऊन जाते. हा प्रश्न पुरुषमंडळी माझ्या नवऱ्याला हळूच बाजूला घेऊन विचारायची.

मग सरळ मुंबईला का नाही करायचा? सिनेगॉग, तुमची प्रार्थनामंदिरं, तिकडेच आहेत.

तसं केलं तर सोपं जातं, हे आधी कबूल करते. मुंबईत शआर हारहमीम आहे, १७९६ सालची, जुने लोक जिला अजून "जुनी मशीद" म्हणतात. ठाणे, पनवेल, अलिबाग आहे, पुण्यात लाल देऊळ आहे. तिथे तोरा आहे, प्रार्थना चालवणारे हाजान आहेत, माणसं आहेत. विधी तिकडे आणि जेवणावळ नागपुरात, असंही बरीच घरं करतात. त्यात कमीपणा काही नाही.

आम्ही हट्ट केला तो सासऱ्यांमुळे. रेल्वेत नोकरी, अजनीच्या क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं, आता गुडघे गेले. रात्रभर गाडीत बसून ते मुंबईला पोचले नसते. नातवाचा आवाज त्यांना त्यांच्या खुर्चीत ऐकू यावा, एवढंच कारण होतं. तुमच्याकडे असं कारण नसेल तर ठाण्याला करा आणि सुखी व्हा.

नागपुरात करायचं ठरवलं. सुरुवात कुठून करायची? हॉल, केटरर, पत्रिका?

यातलं काहीच नाही. आधी दहा माणसं मोजा.

आपल्या परंपरेत तोरा वाचायला मिनियान लागतो, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष. नऊ असतील तर तोरा उघडायची नाही, मग हॉल कितीही मोठा घ्या. मुंबईत हा प्रश्न पडत नाही, म्हणून तिकडचे नातेवाईक त्यावर बोलतच नाहीत. नागपुरात सगळा खेळ त्यावरच आहे. म्हणून परदेशातल्या पाहुण्यांकडे मी "शोभा वाढवायला येणारे" म्हणून बघितलंच नाही. ते आले तरच विधी होणार होता. बोलावतानाही तसंच बोलले. "या ना, मजा येईल" म्हटलं की माणूस "बघतो" म्हणतो. "तू सातवा आहेस" म्हटलं की तिकीट काढतो.

आमची मोजणी अशी होती : नवरा, सासरे, ठाण्याहून येणारे हाजानसाहेब आणि त्यांच्याबरोबर एक जण, हे चार. इस्राएलहून सहा. झाले दहा. आणि अकरावा खुद्द मुलगा, कारण त्याचा हिब्रू वाढदिवस होऊन गेला होता. समारंभ वाढदिवसानंतर ठेवला की मुलगा स्वतः मोजणीत धरता येतो, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक माणूस हाताशी जास्त हवाच. आमच्या सहापैकी एका काकांचं विमान ऐनवेळी रद्द झालं आणि आम्ही बरोबर दहावर आलो.

गुरुवारी सकाळी मोजलं तर नऊच. लोदहून आलेल्या भाच्याने आदल्या दिवशी तर्री पोह्याच्या दोन प्लेट हाणल्या होत्या, वर जास्तीची तर्री मागून. सगळे तालेथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, पांघरून उभे, हाजानसाहेब घड्याळाकडे बघतायत आणि दहावा बाथरूममध्ये. वीस मिनिटं थांबलो. सासरे म्हणाले, "गाडी लेट आहे, सिग्नल मिळाला नाही."

सेफेर तोरा नागपूरला आणता येते का?

येते, पण पिशवीत घालून आणायची वस्तू नाही. ज्या सिनेगॉगची आहे त्यांची परवानगी, सोबत जाणता माणूस, आणि पोचल्यावर ठेवायला स्वच्छ, वेगळी जागा लागते. आमच्या हाजानसाहेबांची आणखी एक अट होती. एकदा वाचून परत न्यायची नाही, त्या जागी निदान तीनदा वाचन व्हायला हवं. तोरा वाचतात सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी. म्हणून गुरुवारी सकाळी बार मित्झ्वा, शनिवारी सकाळचं वाचन आणि शनिवारी दुपारच्या प्रार्थनेतलं वाचन, असे तीन बसवले.

आली रात्रीच्या गाडीने. वरून तालेथात गुंडाळलेली, खालच्या बर्थवर भिंतीच्या बाजूला ठेवलेली आणि तिच्या कडेला दोघं आळीपाळीने जागे. समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी विचारलं, पोथी आहे का? हो म्हटल्यावर त्यांनी रात्रभर त्या बाजूला पाय केले नाहीत.

तारीख कशी काढायची?

मुलाच्या इंग्रजी जन्मतारखेवरून हिब्रू तारीख काढा. त्यासाठी इंटरनेटवर कॅलेंडर आहेत. एकच गोष्ट सांभाळा : आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मूल संध्याकाळी दिवेलागणीनंतर जन्मलं असेल तर पुढची तारीख धरायची. दवाखान्याच्या कागदावरची वेळ बघून घ्या, आठवणीवर जाऊ नका. अदार महिन्यातला जन्म असेल तर हाजानांना विचारा, कारण लीप वर्षात अदार दोन येतात.

समारंभ त्या तारखेच्या आधी होत नाही, नंतर कधीही चालतो. ही मोकळीक वापरा, कारण नागपूरचं स्वतःचं एक पंचांग आहे. मे महिना विसरा. ४५ च्या पाऱ्यात आपण माठातल्या पाण्यावर आणि कुलरवर निभावतो, तिकडून आलेली माणसं आडवी होतील. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. १९५६ पासूनचा तो मोठा दिवस आहे आणि त्या आठवड्यात रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळेल अशी आशा ठेवू नये. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन. तेव्हा बर्डी, सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ इथल्या हॉटेलांत खोली मागायला गेलात तर मॅनेजर तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. घोळ असा की इस्राएलमधल्या शाळांना हनुक्का सणाची सुट्टी बहुधा डिसेंबरातच असते, त्यामुळे पाहुणे डिसेंबरच मागतात. आम्ही जानेवारी धरला आणि ज्यांची मुलं शाळेत होती त्यांनी मुलं आजीकडे ठेवली.

सोमवार-गुरुवार बरा की शब्बाथ?

गुरुवार. शब्बाथला फोटो नाही, व्हिडिओ नाही, माइक नाही, गाडी नाही. सासरे ऐकणार कसे आणि न आलेली मंडळी व्हिडिओवर बघणार कशी? गुरुवारी विधी झाला, शुक्रवारी संध्याकाळी घरी सगळ्यांनी मिळून शब्बाथ केला. माझ्या मते चार दिवसांतली सगळ्यात सुंदर वेळ ती होती, आणि तिचा एकही फोटो नाही.

पत्रिका कोणत्या भाषेत छापायची?

आमची तीन भाषांत होती. मराठी इथल्यांसाठी आणि तिकडच्या म्हाताऱ्यांसाठी, हिब्रू तिकडच्या पोरांसाठी, इंग्रजी विमानतळ-हॉटेल अशा कामांसाठी. तिकडे गेलेल्या पहिल्या पिढीचं मराठी अजून खणखणीत आहे, नातवंडांना मात्र "चल, बस, जेव" एवढंच कळतं. मराठीत आपली नेहमीची भाषा ठेवा : "परमेश्वराच्या कृपेने आमचे येथे..." मुलाचं हिब्रू नाव वडिलांच्या नावासकट द्या, अमुक बेन अमुक, कारण तोरापाशी त्याला त्याच नावाने पुकारतात. हिब्रू मजकूर तिकडच्या कुणाकडून तपासून घ्या. आमच्या प्रेसवाल्याच्या संगणकाने हिब्रू ओळ डावीकडून उजवीकडे लावली होती, अख्खी उलटी. पहिल्या कच्च्या छपाईत दिसलं म्हणून निभावलं.

पाहुण्यांना व्हिसासाठी आमचं निमंत्रणपत्र लागतं का?

नातेवाइकांना भेटायला येणं पर्यटक ई-व्हिसात बसतं आणि इस्राएलच्या पासपोर्टवर तो मिळतो. फॉर्ममध्ये भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता, फोन मागतात. तिथे तुमचं द्या, आणि पत्ता सगळ्यांना एकसारखा लिहून पाठवा. सहा जणांनी सहा तऱ्हेने लिहिला की नंतर निस्तरत बसावं लागतं. आम्ही तरीही साधं एका पानाचं निमंत्रणपत्र सहीसकट प्रत्येकाला मेल केलं होतं. जवळ असलेलं बरं.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करायचा. पत्त्यात शेवटी "जीओव्ही डॉट इन" असतं. तशीच दिसणारी, जास्त पैसे उकळणारी पानं खूप आहेत आणि परदेशातली म्हातारी माणसं त्यांत अलगद सापडतात. ३० दिवसांचा व्हिसा निघण्याच्या आधीच्या ३० दिवसांतच मागता येतो, वर्षाचा १२० दिवस आधीपासून. पासपोर्ट पुढे सहा महिने चालणारा हवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. तिकडे जाऊन पुष्कळांनी आडनावं बदलली, पेणकरचं काहीतरी हिब्रू झालं. घरात आपण अजून जुनंच म्हणतो, फॉर्मवर ते चालत नाही.

आजोबा कराचीत जन्मले होते. काही अडचण येईल का?

येऊ शकते, म्हणून हे आधी विचारा. फाळणीपूर्वी कराचीत आपली मोठी वस्ती होती, सिनेगॉग होतं, रेल्वे आणि सरकारी नोकऱ्यांत आपली माणसं होती. व्हिसाच्या फॉर्ममध्ये आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का, असा प्रश्न येतो आणि पाकिस्तानी मूळ असलेल्यांना ई-व्हिसा मिळत नाही, दूतावासातून नेहमीचा व्हिसा काढावा लागतो. १९४७ च्या आधी कराचीत जन्मून मुंबईला आलेला माणूस कशात मोडतो, हे घरात बसून ठरवू नका. तेल अवीवमधल्या भारतीय दूतावासात लेखी विचारा, आणि महिना-दोन महिने हातात ठेवून विचारा. खोटं तर बिलकुल लिहू नका. लग्नाच्या गप्पांत "आमचे नाना कराचीचे" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बाजूला घेऊन हे सांगितलं.

ज्यांच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे त्यांचं काय?

त्यांना व्हिसा नको. कार्ड आणि चालू पासपोर्ट, दोन्ही बरोबर हवं. पूर्वी भारतीय नागरिक असलेल्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना, पतवंडांना हे कार्ड मिळू शकतं. लग्न-बार मित्झ्वासाठी दर दोन वर्षांनी येणाऱ्यांनी ते काढून ठेवावं.

नागपूरला पोचायचं कसं?

मुंबई किंवा दिल्लीला उतरून पुढे देशातलं विमान, साधारण दीड तास. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच आहे. ई-व्हिसावर थेट नागपूरला उतरायचीही सोय आहे, पण आखातातून येणाऱ्या मोजक्याच उड्डाणांवर इस्राएली पासपोर्टच्या माणसाने बेत आखू नये. मुंबईत दोन दिवस काढून, नातेवाईक आणि सिनेगॉग बघून येणाऱ्यांना रात्रीची गाडी सांगा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे. तरणी पोरं गाडीने येतो म्हणतात. येऊ दे, पण बुधवारी रात्री नव्हे.

बॅगेतलं एक : ई-सिगारेट आणू नये, भारतात २०१९ पासून बंदी आहे. सॅटेलाइट फोन आणि ड्रोनही नको. टेफिलिन हातातल्या बॅगेत ठेवायचे. तपासणीच्या पट्ट्यावर आमच्या मामांना थांबवलं होतं. चामड्याचे पट्टे गुंडाळलेल्या दोन काळ्या डब्या स्क्रीनवर दिसल्या तर कोणीही थांबवेलच. मामांनी साठच्या दशकातल्या अस्सल अलिबागी मराठीत समजावलं, "देवाची प्रार्थना आहे आत, उघडू नका, हात धुऊन हवं तर बघा." पाहणाऱ्या मुलीने हात जोडले आणि जाऊ दिलं.

पाहुणे घरीच उतरले तर पोलिसांना कळवावं लागतं का?

हो. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा "फॉर्म सी") भरायचा असतो. हॉटेलवाले त्यांच्याकडच्यांचा भरतात. घरी उतरवलंत तर तुम्हालाच ऑनलाइन भरावा लागतो. पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो आधीच व्हॉट्सअॅपवर मागवून ठेवा. पाहुणा आंघोळीला गेलेला असताना त्याची बॅग धुंडाळायची वेळ येत नाही.

शिवाय हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आम्ही एक साधा अर्ज दिला : अमुक तारखांना इतके परदेशी पाहुणे, अमुक हॉलमध्ये घरगुती धार्मिक कार्यक्रम. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउसवर जे झालं त्यानंतर हे सांगावं लागू नये. पत्रिका फेसबुकवर टाकू नका. पत्ता ज्याला यायचं त्यालाच. सासूबाईंना हे पटलं नव्हतं. आनंदाची गोष्ट लपवायची कशाला, म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

हॉटेल कुठलं बघावं?

चांदण्या मोजू नका, पावलं मोजा. शब्बाथ पाळणारा पाहुणा शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत गाडीत बसणार नाही. आमचं घर धंतोलीत, म्हणून पायी दहा मिनिटांत येईल असं साधं लॉज घेतलं. खोल्या खालच्या मजल्यांवर मागा, लिफ्ट चालत नाही. आणि कार्डाने उघडणाऱ्या दारांची चौकशी करा, त्यांनाही साधी किल्लीच लागते. मोठी हॉटेलं वर्धा रोडला दिमाखात उभी आहेत, पण तिथून शनिवारी सकाळी नव्वदीकडे झुकलेली आत्या चालत येणार नव्हती.

कोशर, म्हणजे यहुदी नियमांत बसणाऱ्या, जेवणाचं नागपुरात काय करायचं?

शाकाहारी करा. विषय संपला, निम्मा तरी. कोशर पद्धतीने कापलेलं मांस इथे मिळत नाही. आणि मांस नसलं की दूध-मांस वेगळं ठेवण्याचा प्रश्नही उरत नाही, गोड दुधाचं करता येतं. मासे हवे असतील तर खवले आणि पर असलेले : रोहू, कतला चालतात. झिंगे नाहीत. पातेली, झारे, उलथनी नवीन घेतली. केटररकडची भांडी काल कशात होती ते आपल्याला ठाऊक नसतं. सावजीचं नाव पाहुण्यांनी इंटरनेटवर वाचलेलं असतं, ते विचारतातच. त्यांना हसून नाही म्हणा.

विदर्भाच्या शाकाहारी ताटाला तोड नाही, असं माझं पक्कं मत आहे, आणि माहेर माझं रायगडातलं असूनही. पाटवडी रस्सा, वडाभात, सांबारवडी, भरीत. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, हे पाहुण्यांना आधी सांगा, नाहीतर ते इडली शोधतात. शुक्रवारी आशीर्वादासाठी दोन अख्ख्या पोळ्या लागतात. आम्ही उलट्या माठावर भाजलेल्या दोन लांब पोळ्या ठेवल्या. ताटात मावेनात, कडेने लोंबत होत्या. दिमोनाच्या आत्याने त्यांना हात लावून बघितला आणि म्हणाली, "ही पोळी आहे का टेबलक्लॉथ?"

तर्री पोहे विधी झाल्यावर. कारण वर आलंच आहे.

मलिदा नागपूरच्या केटररला जमतो का?

त्याला करायला देऊ नका. मी दिला होता. मलिदा हा आपला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाचा प्रसाद. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. चूल लागतच नाही. केटररने "पोहे" ऐकलं आणि वहीत लिहिलं. संध्याकाळी फोन : "ताई, पोह्यात तर्री नाही म्हणता, कांदा नाही म्हणता, फोडणी बी नाही. मंग लोक खातीन कसे?" मी पुन्हा समजावलं. गुरुवारी सकाळी सहाला मोठं पातेलं आलं, झाकण काढलं, वास मोहरीचा. मोहरी, हळद, कढीपत्ता आणि वर त्याने प्रामाणिकपणे खोबरं आणि गूळ घातला होता.

ते पातेलं हॉलच्या सफाईच्या बायकांनी आवडीने खाल्लं. आम्ही चौघींनी धंतोलीतून पोहे आणून, तासाभरात नारळ खवून, मलिदा स्वतः केला. नारळ आठ लागले, एवढं लिहून ठेवा, साठ माणसांना.

शब्बाथचे दिवे कधी लावायचे? मुंबईचं कॅलेंडर चालतं का?

नाही. ही चूक आमची. मुंबईहून आलेल्या कॅलेंडरवर त्या शुक्रवारी दिव्यांची वेळ सहा वाजून तीन मिनिटं होती. कार्यक्रमाच्या कागदावर मी तीच छापली. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा रेखांश आहे, सूर्य इथे २५-३० मिनिटं आधी मावळतो. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्यास्तच सहाला दहा कमी असताना होतो आणि दिवे त्याच्या १८ मिनिटं आधी लागायला हवेत. म्हणजे साडेपाचच्या सुमारास. छापल्याप्रमाणे चाललो असतो तर अंधारात, शब्बाथ लागल्यावर काडी ओढली असती.

सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांना कॅलेंडर वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही, त्या फक्त खिडकीतून बघत होत्या. "उन्ह भिंतीवरून गेलं गं," म्हणाल्या. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. तेल ओतलं, वाती टाकल्या, केस ओले असतानाच पदर घेतला.

आम्ही यहुदी नाही, पण बोलावणं आलंय. काय करायचं, काय नाही?

यायचं, वेळेवर. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी दारात ठेवलेली असते. रुमालही चालतो. चप्पल काढायची गरज नाही. तोरा बाहेर काढल्यावर सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. हात लावू नका. मोबाइल बंद. गुरुवारी फोटो काढा, शनिवारी नको. मिनियानात तुमची मोजणी होत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या समोरच्या देशमुखकाकांनी विचारलं होतं, "एक कमी पडत असेल तर मी उभा राहू का?" त्यांनी खरंच मनापासून विचारलं होतं.

वाचन संपताच मुलावर गोळ्या उडवतात. गोड आयुष्य जावं म्हणून. आम्ही संत्रागोळ्या घेतल्या, नागपूर म्हणून. मऊ घ्या. आमच्या कडक होत्या, एक हाजानसाहेबांच्या चष्म्यावर बसली.

आहेर काय द्यायचा?

इथले ५०१ देतात, तिकडचे १८ च्या पटीत देतात. हिब्रूत अक्षरांना आकडे असतात आणि "जीवन" या अर्थाच्या शब्दाची बेरीज १८ होते. मुलाने पाकिटं मोजताना हिशेबाची वही केली होती, तिच्यात १८०, ३६० आणि मध्येच ५०१, असं सगळं. शब्बाथला पैसे देऊ-घेऊ नयेत, गुरुवारीच आटपा.

तिकिटाचा खर्च कोणी करायचा?

विमान त्यांचं, नागपुरात उतरल्यावर सगळं आमचं. हे पहिल्याच फोनवर बोलून टाका. आपल्याकडे हा विषय टाळतात आणि मग दोन्ही घरांत वर्षभर चर्चा चालते.

मुलीचं काय?

बारा वर्षं पूर्ण झाली की बात मित्झ्वा. आपल्याकडे मुलगी तोरा वाचत नाही, म्हणून मिनियानाची अट नाही. घरी मलिदा आणि प्रार्थना करता येते. धाकटीचं दोन वर्षांनी आहे आणि तिने आधीच विचारलंय की तिच्यावर गोळ्या का नाहीत उडवायच्या. उडवणार आहोत.

पाहुण्यांना वाघ बघायचाय.

सगळ्यांनाच बघायचा असतो. रविवारी ठेवा. पेंच गाडीने दीड-दोन तासांवर, ताडोबा त्याहून लांब, मंगळवारी बंद. बुकिंग पासपोर्टच्या नंबरावर होतं आणि तोच पासपोर्ट गेटवर दाखवावा लागतो, लॉजच्या तिजोरीत ठेवून निघू नका. पावसाळ्यात कोअर बंद. आमच्यांना वाघ दिसला नाही, सांबर दिसलं. प्राणी. परत येताना गाडीत कोथिंबिरीचा विनोद तीनदा झाला.

परत जाताना बरोबर काय द्यावं?

संत्री देऊ नका, इस्राएलमध्ये ताजी फळं बाहेरून नेता येत नाहीत. मिठाई द्यायची तर आधी त्यांना पाकिटावरचा मजकूर वाचू द्या, काही जण काटेकोर असतात. मला हे फळांचं ऐनवेळी कळलं. तोवर आत्याच्या पिशवीत दोन डझन गेली होती. टाकायला ती तयार नाही. विमानतळाच्या दाराबाहेर, सामानाच्या ट्रॉलीवर बसून तिने सोलायला सुरुवात केली, एक फोड स्वतःला, एक ड्रायव्हरला, एक दारावरच्या जवानाला. जवानाने आधी नको म्हटलं, मग घेतली.